जगात जर्मनी, देशात परभणी

बी.कॉम. झालो त्या दिवशी इतिहासाशी आपला संबंध कायमचा तुटला, अशी माझी समजूत होती. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, संध्याकाळी दोन्ही बेरजा सारख्या आल्या की छत्री घेऊन घरी जायचे, एवढ्या भांडवलावर माणूस बँकेत चिकटला की पानिपत कोणत्या साली झाले हे त्याला जन्मात कोणी विचारत नाही. विचारलाच तर मुदत ठेवीचा व्याजदर विचारतात. तेव्हा मी आज इतिहास लिहायला बसलो आहे याचे सर्वांत जास्त आश्चर्य खुद्द मलाच वाटते आहे. त्याच्या खालोखाल घरी वाटते आहे. "गॅसचा नंबर लावलात का?" हा प्रश्न आत्तापर्यंत दोनदा स्वयंपाकघरातून येऊन गेला.

पण करणार काय? राजांचा इतिहास लिहायला लोक टपून बसलेले असतात. जीपमध्ये मॅटाडोरचे इंजिन कोणी घातले, का घातले आणि घातल्यावर ते बंद कसे केले, याची बखर मात्र कोणी लिहीत नाही. ज्यांनी घातले त्यांनी लिहायला हवी होती, पण त्यांचे हात ग्रीसने भरलेले होते.

आमच्या जिल्ह्याची एक म्हण आहे. जगात जर्मनी, देशात परभणी. बाहेरगावचा माणूस ही म्हण ऐकून आधी हसतो, मग स्टेशनाबाहेर नजर टाकतो आणि पुन्हा हसतो. परभणीच्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. आमच्याकडे प्रत्येकाजवळ या म्हणीचा स्वतःचा असा अर्थ आहे. न्हाव्याचा वेगळा, हेडमास्तरांचा वेगळा, निवडणुकीला पडलेल्या उमेदवाराचा तर फारच वेगळा. माझा अर्थ मामांच्या जीपच्या बॉनेटखाली होता.

मामांचे गाव जिंतूरकडचे. जीप त्यांनी १९७१ साली घेतली, तिसऱ्या हाताने, हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून. मूळची लष्कराच्या डिस्पोजलमधली विलीज. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून असल्या सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या. युद्ध संपल्यावर त्या जगभर जिथे उभ्या होत्या तिथेच विकायला निघाल्या. आपल्याकडेही निघाल्या. १९४७ पासून तर महिंद्रांनी नव्या जीपा आणायला आणि पुढे मुंबईत माझगावला जुळवायला सुरुवात केली. पण मामांना नवी नको होती. युद्ध पाहिलेली हवी होती. तिच्या उजव्या अंगाला एक खोल पोचा होता. तो जपान्यांच्या गोळीचा, असे मामा पाहुण्यांना सांगत. मामी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता सांगायच्या, "आमच्या ढवळ्या बैलाचं शिंग लागलं हाय ते, नागपंचमीला."

या जीपचे मूळ इंजिन पेट्रोलचे. चार सिलिंडर, २.२ लिटर, साठ घोड्यांचे. अमेरिकनांनी त्याचे नाव 'गो-डेव्हिल' ठेवले होते. मामी त्यातला फक्त उत्तरार्ध वापरत. अमेरिकन सैन्याला पेट्रोल सरकार भरून देत होते. मामांना कापूस विकून भरावे लागे. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले आणि पेट्रोल भडकले, तेव्हापासून जीप कमी आणि चर्चा जास्त चालू लागली. डिझेल त्या मानाने फार स्वस्त. हा दोन भावांमधला फरक सरकारने पुढेही कित्येक वर्षे सांभाळला. डिझेलवरचे सरकारी नियंत्रण उठायला २०१४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. आमच्या इतिहासाचे मूळ कारण विचाराल तर हा फरक. बाकी शौर्य वगैरे नंतर.

गाडीच्या पोटात भलतेच काही घालण्याची विद्या आपल्याकडे त्याच्याही आधीची आहे. परभणी निझामाच्या राज्यात असताना तिथल्या रेल्वेच्याच खात्याने १९३२ साली सत्तावीस बसगाड्या घेऊन मोटारसेवा सुरू केली. पुढे युद्ध आले, पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि देशभर मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. कोळसा अर्धवट जाळायचा, त्याचा वायू नळीने इंजिनात सोडायचा. आजोबा सांगत, की निम्मी ताकद भट्टीतच राहायची. चढ आला की क्लीनर ओरडायचा, "उतरा!" तिकीट मात्र बसण्याचे घ्यायचे आणि ढकलण्याचे काहीच द्यायचे नाहीत.

तिकडे विलायतेतही हा उद्योग युद्धाच्या भंगारातूनच निघालेला आहे, पण हौसेने. लुई झ्बोरोव्स्की नावाचा एक काउंट कँटरबरीजवळ राहायचा. पैसा उदंड. पहिले महायुद्ध संपले तेव्हा विमानांची इंजिने मातीमोल विकायला निघाली होती. त्याने मर्सिडीजच्या जुन्या सांगाड्यावर विमानाचे मायबाख इंजिन बसवले, तेवीस लिटरचे, आणि १९२१ साली ती गाडी शर्यतीत उतरवली. तेवीस लिटर म्हणजे मामांच्या जीपची दहा इंजिने एकात. तिचे नाव 'चिट्टी बँग बँग'. काउंट १९२४ साली मोंझाच्या शर्यतीत गेला, अर्थात मर्सिडीजमध्येच. त्याची दुसरी एक गाडी, सत्तावीस लिटरच्या लिबर्टी विमान-इंजिनाची, पॅरी-थॉमस नावाच्या इंजिनियरने विकत घेतली आणि तिचे नाव 'बॅब्ज' ठेवले. तिच्यावर त्याने १९२६ साली वेगाचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९२७ रोजी, वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर तिच्यातच त्याचा अंत झाला. लोकांनी ती गाडी तिथेच वाळूत पुरली. १९६९ साली कोणीतरी उकरून काढली आणि दुरुस्त करून चालू केली. आपल्याकडे गाडी पुरण्याची पद्धत नाही. भंगारवाला आधी पोचतो.

अमेरिकेत तर जुन्या फोर्डमध्ये मोठे व्ही-एट इंजिन घालणे हा पोरांचा खेळच होता. आणि इंग्लिश 'ए.सी.' गाडीत अमेरिकन फोर्डचे व्ही-एट बसवून १९६२ साली निघालेली 'कोब्रा' लोक अजून भिंतीवर लावतात. पण एक फरक ध्यानात घ्या. या सगळ्या मंडळींनी इंजिन बदलले ते गाडी जोरात पळावी म्हणून. आमच्याकडे बदलले ते गाडी परवडावी म्हणून. गाडी हळू चालली तरी चालेल, पण चालली पाहिजे, हा मराठवाड्याचा बाणा.

ट्रकवाल्यांनी हे आधीच ओळखले होते. मद्रासची सिंप्सन कंपनी पन्नाशीच्या दशकात इंग्लंडच्या पर्किन्सची डिझेल इंजिने बनवू लागली आणि जुन्या पेट्रोलच्या ट्रकांत ती धडाधड बसू लागली. महिंद्रांनी स्वतःसुद्धा पुढे तेच केले. आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपला दिले, आणि १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून त्यांचे डिझेल इंजिन इगतपुरीला काढायला घेतले. म्हणजे मिस्त्रीने केले तर जुगाड आणि कारखान्याने केले तर नवीन मॉडेल, एवढाच काय तो भेद. उत्तरेत विहिरीवरचे इंजिन लाकडी फळ्यांच्या गाड्याला लावून माणसे वाहतात. सौराष्ट्रात बुलेटच्या तोंडाला डिझेल इंजिन लावून छकडा करतात. आम्ही त्यातले काही केले नाही. आम्ही थेट मर्सिडीजकडे गेलो.

हे वाक्य मी उगीच टाकलेले नाही. त्यासाठी 'टेम्पो' या शब्दाचे मूळ पाहावे लागेल. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. घरसामान हलवायला टेम्पो, गणपती आणायला टेम्पो. हे मूळचे एका जर्मन कारखान्याचे नाव, हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचे. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली त्यांच्याशी संधान बांधून बजाज टेम्पो सुरू केली आणि तीन चाकांची ती गाडी आपल्या रस्त्यांवर आली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना झाला, मग चार चाकांची मॅटाडोर आली. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, पण शब्द मागेच राहिला.

आता या मॅटाडोरची जन्मकथा बघा. जर्मनीत १९४९ साली ती निघाली तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचे इंजिन होते. फोक्सवॅगनने स्वतःची तसलीच गाडी काढली आणि टेम्पोवाल्यांना इंजिने देणे बंद केले. मग दुसऱ्यांची आणली. मग इंग्लंडच्या ऑस्टिनची आणली. पुढे कंपनीच हानोमागच्या घरात गेली, आणि अखेर मर्सिडीजच्या. दर लग्नात नवे इंजिन. आपल्याकडच्या मॅटाडोरला ऐंशीच्या दशकात जे इंजिन मिळाले ते मर्सिडीजचे 'ओ.एम. ६१६', चार सिलिंडर, २.४ लिटर. जर्मनीत १९७३ पासून मर्सिडीजच्या '२४० डी' गाडीत हेच इंजिन होते आणि तिथले टॅक्सीवाले त्याच्यावर लाखालाखाने किलोमीटर कापत. तेच इंजिन आमच्याकडे भाजी, सिमेंट आणि वऱ्हाड वाहू लागले. मॅटाडोर उलटली, चेपली, पत्रा सडला, तरी इंजिन खणखणीत राहायचे. ते काढून लोक ॲम्बेसिडरमध्ये घालू लागले, जीपमध्ये घालू लागले.

तर १९८९ च्या उन्हाळ्यात मामांनी असे एक इंजिन भंगारातून आणले. मी तेव्हा नऊ वर्षांचा, सुटीसाठी मामांकडे. परभणीला जिंतूर रोडवर पत्र्याच्या शेडमध्ये एक उस्ताद होते, त्यांच्याकडे जीप नेली. ज्या जीपने जर्मनीशी लढाई केली तिच्याच पोटात जर्मन इंजिन घालायचे, हा मुद्दा मामांना आदल्या रात्री सुचला होता. त्यांनी तो उस्तादांपुढे मांडला.

उस्ताद बिडी विझवत म्हणाले, "मामू, अमरीकन-जर्मन का झगडा हमकू नक्को. बीच में अपनी प्लेट डालते, दोनों खामोश."

ही प्लेट म्हणजेच खरी विद्या. इंजिनाच्या पाठीवरची भोके एका कंपनीची आणि गिअरबॉक्सच्या तोंडावरची दुसऱ्या. ती एकमेकांवर बसत नाहीत. मग दोन्हींमध्ये लोखंडाची जाड चकती घालायची आणि तिला एका अंगाने जर्मन, दुसऱ्या अंगाने अमेरिकन भोके पाडायची. पण भोकांची मापे घ्यायची कशी? उस्तादांनी मामांकडे जाड कागद मागितला. मामांच्या पिशवीत मावशीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या. त्यांनी चार पत्रिका जोडल्या, इंजिनाच्या तोंडाला काळे ग्रीस फासले, वर पत्रिका दाबली आणि हातोडीने टुकटुक करून ठसा घेतला. दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सचा ठसा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची पत्रिका खरोखर पत्रिकेवर जुळवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. 'श्री गजानन प्रसन्न'च्या बरोबर मध्यातून क्लचचा दांडा गेला होता. ती पत्रिका घेऊन पोऱ्या लेथवर गेला आणि तिसऱ्या दिवशी प्लेट घेऊन आला. केसभरसुद्धा इकडेतिकडे झाले असते तर क्लच थरथरला असता आणि गिअरबॉक्सची बेअरिंगे महिनाभरात गेली असती. लेथवाला निरक्षर होता. माझ्या बी.कॉम.च्या वर्गात इतका काटेकोर हिशेब करणारा मी एकही पाहिला नाही, मी धरून.

बाकी गोष्टी भराभर झाल्या. इंजिनासाठी नवे फाउंडेशन वेल्डिंग करून झाले, रेडिएटर चार बोटे पुढे सरकला, पुढच्या स्प्रिंगांत एकेक पाटा जास्त घातला, कारण जर्मन वजनाने भारी. साखळी-कप्पीने इंजिन उचलून आत सोडले तेव्हा शेडमधले सगळे जण श्वास रोखून उभे होते. बॉनेट लागेना. उस्तादांनी त्याला मधोमध एक उंचवटा ठोकला.

डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की तीच तापून लाल होते आणि तेल उडवले की पेट घेते. ही युक्ती काढणारे रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाता जाता रात्री बोटीवरून नाहीसे झाले. गेले ते गेलेच. पण थंड इंजिनाला आधी हीटरने ऊब द्यावी लागते. किल्ली अर्धी फिरवून थांबायचे. मामा तेवढ्यात तीन वेळा "पांडुरंग हरी" म्हणाले आणि किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन एकदम पेटले. धूर बाहेर आला, कुत्री पळाली, मामांच्या डोळ्यांत पाणी आले. ते धुराने की कशाने, सांगता येत नाही.

तसेच आम्ही गावी आलो. पंचेचाळीस किलोमीटर. साठाच्या पुढे काटा गेला की बोलणे ऐकू येत नसे, पण त्या दिवशी बोलायचे कोणाला होते? अख्खे गाव पारापाशी जमले. मामांनी ऐटीत किल्ली काढून खिशात घातली. इंजिन चालूच.

इथे थोडा शास्त्राचा भाग आहे. पेट्रोलच्या गाडीची किल्ली फिरवली की ठिणगी बंद आणि इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नाही, तर बंद काय होणार? त्याचे तेल तोडावे लागते आणि त्यासाठी एक ओढायची तार असते. ती तार लावायची उस्ताद विसरले होते. मामांनी किल्ली पुन्हा घातली, पुन्हा काढली. उलटी फिरवली. सरपंचांनी येऊन फिरवून पाहिली. कोणीतरी म्हणाले, बॅटरी काढा. काढली. इंजिनाला त्याचे काहीच सोयरसुतक नव्हते. पाऊण तास ती जीप पाराखाली धडधडत उभी होती आणि मामी दारातून विचारत होत्या, "तेल संपस्तोर आसंच ठिवायचंय का?" शेवटी विहिरीवर किर्लोस्करचे इंजिन चालवणारा गडी आला. त्याने एक ओले पोते घेतले, हवा आत जाते तिथे गच्च दाबले. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि प्राण सोडला. त्या गड्याला त्या वर्षी मामांनी धोतरजोडी दिली.

पुढची सात वर्षे ती जीप गावाची होती. लग्नाला तीच, बाजाराला तीच. रात्री बाळंतीण अडली की तीच, परभणीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत. माझ्या दोन मामेभावंडांचा जन्म तिच्यामुळे वेळेवर झाला. एकाचा तर दवाखान्याच्या फाटकातच, तिच्यात.

फक्त एक गोष्ट मामांनी केली नव्हती. आर.सी. बुकात इंजिन बदलल्याची नोंद. गाडीत फेरफार केला की कळवायचे, हे १९३९ च्या जुन्या कायद्यातही होते आणि १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. मामांचे इंजिन बसले मे महिन्यात. "जुना कायदा जायलाय, नवा यायलाय, मधल्या वक्ताला कुनाला सांगायचं?" असा त्यांचा युक्तिवाद होता. तो ऐकायला मजेदार होता. त्यामुळे कोणी खोडला नाही.

१९९६ च्या पावसाळ्यात मामा रात्री परतत असताना पुलावर बैलगाडी आडवी आली. जीप जड झाली होती, ब्रेक मात्र साठ घोड्यांच्या हलक्या गाडीचेच राहिले होते. कठडा तुटला. बैल वाचले, गाडीवान वाचला, मामांचा पाय मांडीत मोडला. विमा होता. विम्याच्या माणसाने येऊन सगळे नीट पाहिले, बॉनेट उघडले, नंबर वाचला आणि बॉनेट हळूच मिटले. कागदावर पेट्रोलचे इंजिन, जागेवर डिझेलचे. ज्या गाडीचा विमा होता ती गाडी अपघातात नव्हती आणि अपघातात जी होती तिचा विमा नव्हता. मामांनी दीड एकर कपाशीचे रान विकले. पायाला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मामा एकदाही विनोदी बोलले नाहीत, हे मला अजून आठवते.

हे सगळे मी विसरून गेलो होतो. २००६ साली मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत होतो. एक दिवस मॅनेजरसाहेबांनी एक फाईल पुढे टाकली. "ती काळी-पिवळी जीप बघून या. चेसिस नंबर, इंजिन नंबर टॅली करा. दोन हप्ते उशिरा आलेत." जीप बँकेकडे गहाण. मी सही, शिक्का आणि सिक्का यांत मुरलेला माणूस. पांढरा शर्ट घालून स्टँडवर गेलो. कागद ठेवून पेन्सिल घासली की चेसिसचा नंबर उमटतो, तसा उमटवला. जुळला. इंजिनाचा नंबर शोधायला गाडीखाली शिरलो. शर्टाचे जे व्हायचे ते झाले. नंबर दिसला. जुळला नाही. जुळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो आवाज मी नवव्या वर्षापासून ओळखत होतो. ते मॅटाडोरचे इंजिन होते.

जीपवाला माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. माझ्याहून लहानच असेल.

"साहेब, इंजिन बसलं अन् गाडी दोन म्हैने दारात हुबी ऱ्हायली. हप्ता थकंल म्हनून घरचीच्या गळ्यातलं मोडलं अन् हे टाकलं. आता तुमी म्हनायलाव हे चालत न्हाई." मग तो इंजिनाकडे बघून म्हणाला, "चालायलंय की!"

माझ्यासमोर छापील फॉर्म होता. 'इंजिन क्रमांक जुळतो: होय / नाही.' होय लिहावे तर खोटे, आणि मामांसारखा हा एखाद्या पुलावर सापडला तर त्या खोट्यावर माझी सही. नाही लिहावे तर नियमाप्रमाणे कर्ज ताबडतोब परत मागायचे, म्हणजे जीप ओढून आणायची. मालमत्तेचे इंजिन बदलले म्हणून मालमत्ता बुडीत धरायची, असे आमच्या ॲडव्हान्स्ड अकौंटन्सीच्या पुस्तकात कुठेच नव्हते. मी चहा प्यालो. दुसरा प्यालो. शेवटी 'नाही'वर खूण केली आणि खालच्या रिकाम्या जागेत लिहिले: 'वाहन चालू स्थितीत आहे. इंजिन बदललेले आहे. कर्जदार बदललेला नाही.'

मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर केला. "ही काय कविता आहे?"

मी म्हटले, "साहेब, कायद्यात परवानगीची सोय आहे. डिझेलच्या जागी डिझेलच आहे. गाडी आपल्याकडे गहाण आहे म्हणून आपले संमतीपत्र लागेल. ते दिले तर नोंद होऊन जाईल, मग विम्यातही चढवता येईल."

साहेब बराच वेळ फाईल चाळत बसले. "संमतीपत्र द्या," ते म्हणाले. "पण तारीख आजची टाका. मागची टाकाल तर मी सही करणार नाही." हा माणूस मला त्या दिवसापर्यंत रुक्ष वाटत असे.

एक किरकोळ रजा घालवून मी त्या जीपवाल्याबरोबर फिरलो. भंगारवाल्याकडून इंजिनाची पावती मिळवली. इंजिन बसवल्याचा दाखला हवा होता. कोणी बसवले, म्हणून विचारले तर जिंतूर रोडची तीच पत्र्याची शेड. उस्ताद आता पार पांढरे झाले होते. मी दाखला लिहून पुढे केला. ते तो कागद उलटासुलटा करून बघत राहिले. "इत्ते इंजिन डाले साब, दस्तखत कब्बी किसीने नहीं पूछा." मग हात रॉकेलने धुतले, फडक्याला पुसले आणि उर्दूत, अगदी सावकाश, सही केली. नोंद झाली. त्या जीपवाल्याचा शेवटचा हप्ता आला तेव्हा त्याने काउंटरवर पेढे ठेवले. कॅशियरने ते मोजून घेतले.

हल्ली हे सगळे कठीण झाले आहे. केरळातल्या एका प्रकरणात २०१९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की कारखान्याने ठरवलेला गाडीचा मूळ नमुना मालकाला बदलता येणार नाही. ब्रेकांचा तो किस्सा माहीत असल्यामुळे मला त्यात वावगे वाटत नाही. उस्तादांची शेड आता नाही.

मामांची जीप आहे. आज मामा ऐंशीच्या पुढे आहेत आणि जीप त्यांच्याही पुढे. फक्त शेतात जाते. मागच्या दिवाळीत मी तिथे असताना पुण्याहून दोन तरुण आले होते. जुन्या गाड्या गोळा करण्याचा छंद. त्यांनी जीपभोवती प्रदक्षिणा घातली, पोच्यावरून हात फिरवला, मामांनी त्यांना जपान्यांची गोळी सांगितली. मग बॉनेट उघडले आणि दोघांचे चेहरे पडले.

"हे ओरिजिनल नाही," एक जण म्हणाला. "मॅचिंग नंबर पाहिजेत, काका. ओरिजिनल इंजिन असतं तर आम्ही या जीपचे आत्ता पाचपट दिले असते. ते कुठं गेलं?"

ते कुठेच गेले नव्हते. १९८९ पासून गोठ्यामागे लिंबाखाली पडलेले होते. मामांनी त्यांना तिथे नेले. गंजलेले, एरंडाने वेढलेले ते गो-डेव्हिल पाहून दोघेही गुडघ्यांवर बसले. एकाने पालापाचोळा बाजूला करून नंबर वाचला आणि मोबाईलमधल्या फोटोशी ताडून पाहिला. जुळला! तो ओरडलाच. "काका, नुसतं हे इंजिन द्या. काय पाहिजे ते सांगा. आत्ता उचलतो."

मामा वाकून इंजिनाच्या मागच्या पोकळीत बघत होते.

"आत्ता न्हाई जमायचं," ते म्हणाले. "कोंबडी बसलीय आंड्यावर. एकवीस दिवसांनी फोन करा."